औषधांचा रकाना

कारखान्यात तिला सगळे बाणवाली म्हणत. खरं नाव पगाराच्या यादीत होतं आणि ते तिथंच सुखानं नांदत होतं. शर्ट शिवण्याचा कारखाना तो. खालच्या मजल्यावर कापड कापायचं, वरच्या मजल्यावर शिवायचं, आणि जिन्याच्या तोंडाशी, दोन ट्यूबलाइटींच्या उजेडात, पांढऱ्या टेबलाशी ही उभी. शिवलेला शर्ट हिच्या हाताखालून गेल्याशिवाय इस्त्रीवाल्याकडे जात नसे. आधी कॉलरची दोन टोकं जुळवून बघायची, मग बटणपट्टीखालून अंगठा फिरवायचा, मग काजं, मग बाह्या, मग शर्ट उलटा करून आतली शिवण. कुठं टाका सुटलेला दिसला, कुठं मशीनच्या तेलाचा डाग दिसला, की कमरेला अडकवलेल्या गुंडाळीतून नखाएवढा लाल चिकट बाण काढायचा आणि दोषाकडे तोंड करून लावायचा. पुढचं काम चिठ्ठीचं. प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी बांधलेली असे. कापलं कुणी, कॉलर कुणाची, बाही कुणी लावली, सगळ्यांचे नंबर तिच्यावर. बाण एकीकडे, चिठ्ठी दुसरीकडे. मिनिटभरात गुन्हेगार हजर.

चौदा वर्षं हेच केल्यावर माणसाची एक समजूत होऊन बसते. तिचीही झाली होती. दोष आहे ना, मग त्याला नंबर असणारच, एवढं तिचं साधं तत्त्वज्ञान होतं. शिवणाऱ्या बायका मागून म्हणायच्या, "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून." त्या उगाच म्हणायच्या, कुणाबद्दलही म्हणतात तसं. पण बाणवालीला ते ऐकू आलं की तिचा अंगठा बटणपट्टीवर क्षणभर थांबायचा.

तिची एकुलती एक मुलगी नऊ वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, आणि ते लाडानं ठेवलेलं नाव असलं तरी त्यात तक्रारही होतीच. तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा पोरगी पहिला धड शब्द बोलली. बोलायला लागली ती एकच प्रश्न चाळीस वेळा विचारायला लागली. एका जागी पाच मिनिटं बसणं नाही. पेन्सिल धरायची ती मुठीत. नेहमीच्या ताटलीऐवजी दुसरी ताटली आली तर जमिनीवर लोळण, आणि मग अर्धा तास कुणाची माय व्याली नाही तिला उठवायची. मायाळूपणात मात्र हात आखडता नव्हता. रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसालाही जाऊन मिठी मारायची, आणि आईच्या अंगाला घाम सुटायचा.

शाळेतल्या बाईंनी पहिली दोन वर्षं "लाडावलीय" म्हटलं, पुढची दोन वर्षं "लक्ष देत नाही" म्हटलं, आणि या वर्षी मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावून स्पष्टच सांगितलं, "हे बघा, आम्हाला पूर्ण अहवाल हवा. अहवाल असेल तर तिच्यासाठी वेगळी मदतनीस बाई देता येते, परीक्षा वेगळी घेता येते. नसेल तर पुढच्या वर्गात आम्ही हिला घेऊ शकत नाही. सत्र संपायच्या आत आणा."

अहवाल! जसा काही बाजारात टांगलेला होता आणि हिनं आळसानं आणला नव्हता. मुलांच्या वाढीची तपासणी करणारं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तारीख मिळायला सहा-सात महिने. तिथं सहा वर्षांत सहा वेळा जाऊन झालं होतं. दर वेळी नवा डॉक्टर आणि दर वेळी तोच चार पानी कागद पहिल्यापासून भरायचा, मागचा त्यांच्याच कपाटात असला आणि त्याची प्रत हिच्या घरी असली तरी. भरला की डॉक्टर वाचणार, कपाळाला आठ्या घालणार आणि म्हणणार, "यात कारण काही दिसत नाही. कान तपासून या." कान उत्तम. पुढच्या वेळी रक्त. रक्त उत्तम. मग डोक्याचा फोटो, मग पुन्हा कान. आणि अहवालाच्या जागी एका ओळीचा शेरा, "कारण अस्पष्ट, पुन्हा तपासणी आवश्यक."

कारण अस्पष्ट. ते दोन शब्द वाचले की बाणवाली कागदाची घडी घालून तो पिशवीच्या तळाशी कोंबायची. कारण त्या केंद्राला अस्पष्ट असेल; तिला नव्हतं.

सोळाव्या वर्षी तिला पहिली फिट आली. मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि फिट थांबल्या. तिच्या आईनं लगेच फर्मान काढलं, की हे या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये, नाहीतर पोरीला कोण पत्करणार? लग्न ठरलं, झालं, आणि गोळ्या जुन्या बटणांच्या डब्यात, बटणांच्या खाली जाऊन बसल्या. महिन्याभरात एक गोळी चुकली आणि नवऱ्यासमोर फिट आली. नवरा घाबरला, रडला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला समजून घेतलं आणि समजून घेता घेता नवा खड्डा खणला. "मला चालेल, पण आईला कळू देऊ नकोस. ती घर डोक्यावर घेईल." हा लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. अडकलेल्या माणसांना बाहेर काढण्याचा पगार घ्यायचा. घरात अडकलेलं माणूस मात्र त्याला कधी दिसलं नाही.

लग्नाआधी मेंदूच्या डॉक्टरांनी एक गोष्ट तिला दोनदा सांगितली होती. "मूल हवं असेल तेव्हा आधी माझ्याकडे ये. गोळी बदलावी लागेल. ही गोळी पोटातल्या बाळाला चांगली नाही." दोनदा! पण त्यांच्याकडे जायचं म्हणजे घरी काय सांगून जायचं? ती त्यांच्याकडे गेली नाही. मग दिवस राहिले, आणि ते कळलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे सासूबाई दर खेपेला सोबत. प्रेमानं यायच्या आणि खुर्ची ओढून शेजारीच बसायच्या. त्यामुळे बाळंतपणाच्या डॉक्टरांना फिटबद्दल माहीत नाही, फिटच्या डॉक्टरांना पोटाबद्दल माहीत नाही, आणि दोन्ही माहीत असलेली ही एकटी, तोंड शिवून बसलेली. इकडे आड, तिकडे विहीर. गोळी घ्यावी तर बाळाचं काय होईल, न घ्यावी तर फिट येऊन दोघींचंही काय होईल. तिसऱ्या महिन्यात तिनं स्वतःच्या मनानं गोळी अर्धी केली. धागे कापायच्या कात्रीनं कापायची. पाचव्या दिवशी टेबलाशी उभी असताना उजवा हात आपोआप उडाला आणि शर्ट जमिनीवर पडला. तेव्हा ती इतकी घाबरली की त्याच संध्याकाळी पुन्हा पूर्ण गोळी सुरू.

औषधाच्या दुकानात तिनं एकदा विचारून पाहिलं होतं. "गरोदर बाईला ही चालते का हो? मैत्रिणीसाठी विचारतेय." दुकानदार म्हणाला, "मैत्रिणीला सांगा, डॉक्टरला विचार." गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद असतो, तो कारखान्यात टाके मोजायच्या भिंगाखाली धरून तिनं वाचला. त्यातही तेच, डॉक्टरांना विचारा. सगळं जग तिला डॉक्टरांकडे पाठवत होतं, आणि डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत सासूबाई होत्या.

केंद्रातल्या चार पानी कागदावर अकरावा रकाना होता, "गरोदरपणात घेतलेली औषधे". तिथं बाणवाली दर वेळी बारीक, सरळ अक्षरात लिहायची, "काही नाही". बारावा रकाना, "जन्मानंतर डोक्याला मार लागला होता काय". तिथंही "नाही", तेही सासूबाईंच्या सांगण्यावरून, कारण दिवसा पोर त्यांच्याजवळ असे. सासूबाई टपाल कचेरीत खिडकीमागे तीस वर्षं बसलेल्या. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर टेकवून "पुढचा!" म्हणायची सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. "डोक्याला" एवढंच ऐकलं की त्या म्हणायच्या, "नाही नाही, कुठं पडली नाही, काही नाही."

आणि नातीच्या वागण्याची कारणं तर त्यांच्याकडे शेकड्यानं होती. बाप लहानपणी असाच होता. शाळेतल्या बाईंना शिकवता येत नाही. आणि सर्वांत आवडतं कारण म्हणजे सुनेचा कारखाना. "सातव्या महिन्यापर्यंत त्या मशिनींच्या धडधडीत उभी राहायची. पोटातलं पोर बिथरेल नाहीतर काय होईल?" हे त्या शेजारणीला सांगत, दूधवाल्याला सांगत, आणि भिंगरीनं ताटली फेकली की सुनेला थेट सांगत. बाणवाली ऐकून घ्यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मशिनींचा काही दोष नाही हे तिला माहीत होतं, पण ते सांगायचं तर खरा दोष कुठला हे सांगावं लागलं असतं.

एक गोष्ट मात्र तिला कधी कळली नाही. भिंगरी चार महिन्यांची असताना एक दिवस ती कामावरून आली तर घरातला पलंग गायब. सासूबाईंनी परस्पर विकून टाकला होता. "जमिनीवर झोपवलेलं बरं असतं लहान मूल," म्हणाल्या. त्यानंतर नऊ वर्षं ते घर जमिनीवरच झोपत होतं आणि नवऱ्याची कंबर त्याबद्दल कुरकुरत होती. सासूबाईंचं एक खूळ, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

केंद्राची सातवी तारीख शुक्रवारची होती. आदल्या दिवशी कारखान्यात एक भानगड झाली. बाणवालीच्या हातात एक पांढरा शर्ट आला. दिसायला स्वच्छ, पण खिशाखाली हात फिरवला तर बोटाला भुकटी लागली. नवीन आलेल्या एका शिवणाऱ्या मुलीनं तेलाच्या डागावर खडू घासून तो झाकला होता. गठ्ठ्यातले आधीचे तीन शर्ट असेच नजरेतून सुटून इस्त्रीला गेले होते, आणि इस्त्रीच्या उष्णतेनं डाग पिवळे होऊन कायमचे बसले होते. बाणवालीचं डोकंच फिरलं. ती मशिनींच्या रांगेत जाऊन त्या पोरीवर ओरडली, "डाग पडला तर पडला! साबणानं दोन मिनिटांत गेला असता! खडू कशाला फासलास? झाकलेला डाग इस्त्रीत पक्का होतो, एवढं कळत नाही तुला?"

मुलगी रडायला लागली. "नंबर लागेल म्हणून भीती वाटली, ताई."

बाणवाली टेबलाशी परत आली. तिचेच शब्द तिला चावत होते, आणि त्याचाही तिला राग आला. माणसाला धड कुणावर ओरडायचीही सोय राहिली नाही, असं वाटून तिनं पुढच्या शर्टाला उगाचच दोन बाण लावले.

शुक्रवारी दोन बस बदलून तिघी केंद्रात पोहोचल्या. नवऱ्याला सुट्टी नव्हती. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकली होती. दोन तास बाकावर बसल्यावर आत बोलावणं आलं. या वेळी डॉक्टर बाई होत्या, आखूड केसांच्या, तरुण, डोळ्यांखाली थकवा. त्यांनी कागद हिच्या हातात न देता स्वतःपुढे ओढला. "मी विचारते, तुम्ही सांगा. आजी, तुम्हीही बसा, दिवसा ही तुमच्याजवळ असते ना?" सासूबाई कधीच बसल्या होत्या. भिंगरी खाली वाकून टेबलाच्या पायाला लाल बाण चिकटवत होती. आईच्या गुंडाळीतले उरलेसुरले बाण तिच्या खिशात असत. बाण म्हणजे दोष, हे तिच्या गावी नव्हतं. तिच्या लेखी बाण म्हणजे "इकडे बघ".

दहा रकाने झाले. डॉक्टर म्हणाल्या, "गरोदरपणात काही औषधं..."

"कसली औषधं!" सासूबाईंनी खिडकी उघडली. "साधी डोकेदुखीची गोळी घेत नव्हती ही. उलट सातव्या महिन्यापर्यंत त्या धडधडीत उभी. मी सांगून दमले. ऐकेल तर शपथ! आज पोरीची ही अवस्था कशानं झाली ते लिहा ना कुठंतरी, मशिनींसाठी रकाना नाही का तुमच्याकडे? औषधांच्या पुढे लिहा, काही नाही. पुढचा."

डॉक्टरांनी "काही" इतकं लिहिलंही.

बाणवालीनं आयुष्यात अनेकदा या क्षणाची कल्पना केली होती. त्यात ती शांतपणे, डोळे पुसत, सगळं सांगायची. प्रत्यक्षात ती धीरानं बोलली नाही की पश्चात्तापानं बोलली नाही. तिच्या डोक्याची शीर तडतडली आणि ती रागानं बोलली.

"घेत होते," ती म्हणाली. "फिटची गोळी. रोज दोन. नऊ महिने. बास झालं आता मशीन मशीन!"

सासूबाईंचं तोंड उघडं राहिलं. डॉक्टरांनी मात्र "काही" वर रेघ मारली आणि विचारलं, "गोळीचं नाव? किती मिलिग्रॅमची?"

तिनं नाव सांगितलं, मिलिग्रॅम सांगितले. डॉक्टरांनी लिहिलं. झालं. नऊ वर्षं जे छातीवर धोंड्यासारखं बसलं होतं ते त्या रकान्यात अर्ध्या ओळीत मावलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. याचा दिलासा वाटायला हवा होता. तिला नुसता संताप आला.

"म्हणजे त्यानंच झालं ना?" तिनं विचारलं. "सांगून टाका एकदाचं."

"असं एका मुलाबद्दल छातीठोकपणे नाही सांगता येत," डॉक्टर म्हणाल्या. "हीच गोळी घेऊन काही आयांची मुलं अगदी ठीक असतात. पण या गोळीनं धोका वाढतो हे माहीत आहे. बोलणं उशिरा येणं, लक्ष न लागणं, हे असं वागणं. तुम्ही सांगितलेली सगळी लक्षणं त्यात बसतात."

"हो की नाही ते सांगा ना! आमच्याकडे शर्टाला चिठ्ठी असते, नंबर असतो..."

"मुलांना चिठ्ठी नसते, ताई." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि एक ऐका. गोळी घेतली हा तुमचा गुन्हा नाही. मनानं बंद केली असती तर मोठी फिट येऊन दोघींच्या जिवावर बेतलं असतं. आधी येऊन बदलून घ्यायला हवी होती, ते राहिलं. पण ते सोडा, मला वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतंय. हे आम्हाला पहिल्यांदा आलात तेव्हा कळलं असतं ना, तर कान आणि रक्त करत बसलो नसतो. तेव्हाच शिकवणं सुरू केलं असतं. लहान वयात जितकं लवकर सुरू होतं तितकं बरं असतं."

बाणवालीनं मान खाली घातली. टेबलाखाली भिंगरी डॉक्टरांच्या चपलेला बाण लावत होती.

"पुढचा रकाना," डॉक्टर म्हणाल्या. "जन्मानंतर डोक्याला मार?"

बाणवालीनं वर पाहिलं. प्रश्न पुरा होऊनही सासूबाईंनी उत्तर दिलेलं नव्हतं. त्या दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून बसल्या होत्या.

"पडली होती," त्या म्हणाल्या. "पलंगावरून. चार महिन्यांची होती. मी पाणी आणायला उठले. एवढीशी पोर कशी कुशीवर वळली देव जाणे. डोक्यावरच पडली."

"लगेच रडली?"

"केवढ्यांदा."

"उलट्या? बेशुद्ध पडली? झोपेतून उठत नव्हती?"

"नाही. दूध प्यायली आणि खेळायला लागली. पण मी दोन रात्री डोळ्याला डोळा लावला नाही."

"मग त्या पडण्यानं हे झालंय असं मला वाटत नाही, आजी."

"वाटत नाही म्हणजे काय?" सासूबाई एकदम कडाडल्या. "नक्की सांगा ना! नऊ वर्षं झाली, मला नक्की सांगा!"

डॉक्टरांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी लिहून दिलं, अहवाल दोन आठवड्यांत, शाळेच्या नावानं. सोमवारपासून आठवड्यातून दोनदा भिंगरीसाठी शिकवणीचा तास. आणि घरी असलेले जुने सगळे कागद घेऊन यायचे, जिथं जिथं चुकीचं लिहिलंय तिथं खूण करून, म्हणजे फाइल दुरुस्त होईल.

जे हवं होतं ते मिळालं होतं. बस थांब्यावर दोघी दोन टोकांना उभ्या राहिल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "माझ्या घरात राहून इतकी वर्षं गोळ्या खाल्ल्यास आणि मला पत्ता नाही. माझ्या मुलाला माहीत होतं?"

"होतं."

"वा! म्हणजे मूर्ख मी एकटीच."

"आणि तुम्ही पोर पाडलीत आणि मशिनी माझ्या माथी मारल्यात," बाणवाली म्हणाली. "दूधवाल्यापर्यंत सांगून झालं."

"मला वाटायचं माझ्यामुळं झालं!"

"मग मला काय वाटत होतं?"

थांब्यावरची माणसं बघायला लागली. भिंगरी म्हणाली, "बस कधी येणार? बस कधी येणार?" आणि ते तिनं बस येईपर्यंत विचारलं. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या. भिंगरी एकीजवळून दुसरीजवळ जात-येत राहिली, आणि कंडक्टर तिच्यावर ओरडला तेव्हा दोघीही एकाच वेळी त्याच्या अंगावर धावून गेल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं हळूच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"आई काय म्हणाली?"

"त्यांनाच विचारा. मधल्या मजल्यावर अडकल्यात, काढा बाहेर."

नवरा गेला नाही. शनिवारभर घरात भांड्यांचे आवाज तेवढे होत होते. सासूबाईंनी सुनेशी बोलायचं ते भिंगरीमार्फत बोलल्या, आणि भिंगरी तर निरोपाचा अर्धा भाग वाटेतच विसरायची, त्यामुळे दुपारी दोनदा वरण झालं आणि भात झालाच नाही.

रविवारी सकाळी बाणवालीनं कपाटातून जुनी फाइल काढली आणि जमिनीवर सगळं मांडून बसली. सहा तारखा, सहा कागद. कमरेला गुंडाळी नव्हती, म्हणून तिनं कामाच्या पिशवीतून नवी काढली. एकेका कागदावर अकरावा रकाना शोधायचा, "काही नाही" वाचायचं, आणि बाण लावायचा. स्वतःचं अक्षर बघून तिला आपलीच चीड येत होती. किती सुबक अक्षर. एकही काना वाकडा नाही. खडू फासणाऱ्या त्या पोरीला तरी निदान घाईगर्दी झाली होती. हिनं सहा वेळा, सहा वर्षांत, बसून सावकाश लिहिलं होतं. भिंगरी शेजारी येऊन मांडी घालून बसली आणि बाण लावताना बघत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती उठली नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या आत आल्या, भिंतीला धरून खाली बसल्या. गुडघे कुरकुरले.

"दे इकडे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाण. बारावा रकाना माझा आहे."

बाणवालीनं गुंडाळी त्यांच्या हातात दिली. सासूबाईंना बाण गुंडाळीवरून सुटेना, नखानं उकलता उकलता त्या वैतागल्या. "एवढंसं करतात कशाला हे? दिसतंय का म्हाताऱ्या माणसाला?"

"शर्ट म्हाताऱ्या माणसांना तपासायला देत नाहीत, आई."

"पुरे. चष्मा आण माझा."

एकीनं अकरावा शोधायचा, दुसरीनं बारावा. पाच कागद झाले. सगळ्यांत खाली सर्वांत जुना कागद होता, कडा पिवळ्या पडलेला. त्याच्या कोपऱ्यात भिंगरीचा छोटा फोटो टाचलेला होता. गालाचे गोळे, कपाळावर चिकटलेले केस, नजर कॅमेरा सोडून भलतीकडेच.

सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून तारीख वाचली. मग बोटांवर सहापर्यंत मोजलं आणि पुन्हा तारीख वाचली.

"केवढी होती ग तेव्हा ही?"

"तीन वर्षं दोन महिने," बाणवाली म्हणाली आणि बाण लावला.